छत्तीस गावांचा पेन ड्राइव्ह

१९९४ साली शिवय्यांनी बिदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीच्या बसस्टँडसमोर एसटीडी बूथ टाकला. त्यात बसायला त्यांना कोणीतरी दहावी झालेलं, थोडंफार इंग्रजी येणारं माणूस हवं होतं. आली ती रेणुकाबाई. वय बावीस, शिक्षण निर्ण्याच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत. तिचा बाप अंबाजी मेंढरं घेऊन दर उन्हाळ्यात पार आंध्राच्या हद्दीत जायचा आणि लहानपणी तीही त्याच्यामागे हिंडलेली. नवरा अप्पाराव हैदराबादला ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला होता आणि महिन्यातून एकदा घरी यायचा.

शिवय्यांनी विचारलं, तुला काय काय येतं. ती म्हणाली, मराठी येते, कन्नड येते, हैदराबादी हिंदी बोलता येतं, तेलुगूत शंभरपर्यंत मोजता येतं, आणि एकदा ऐकलेला नंबर मी विसरत नाही. शिवय्यांनी परीक्षा म्हणून आपल्या मुंबईच्या मेव्हण्याचा नंबर सांगितला आणि मग तासभर पाऊसपाण्याच्या, बाजाराच्या गप्पा मारल्या. उठता उठता नंबर विचारला. तिनं तो घडाघडा सांगितला. दुसऱ्या दिवसापासून ती बूथच्या काचेमागे बसली.

त्या काळात घराघरातून माणसं बाहेर पडत होती. कोणी पुण्याला बांधकामावर, कोणी हैदराबादला हॉटेलात, कोणी भिवंडीला. मागे राहिलेली म्हातारी माणसं रेणुकाबाईकडे येऊन नुसतं पोराचं नाव सांगायची, नंबर तिच्या डोक्यात असायचा. पुढं बिल छापायचं मशीन बिघडायला लागलं. बिदरहून मेकॅनिक यायला आठवडा लागायचा. आला की रेणुकाबाई त्याच्या हाताकडे टक लावून बघायची. तिसऱ्या वेळी त्याला बोलवायची गरजच पडली नाही. तिनं शिवय्यांकडून कैया, म्हणजे डाग द्यायची सळई, आणि कथिल मागवून घेतलं आणि सुटलेला जोड स्वतःच डागला.

मोबाइल आले तसा बूथ ओस पडला आणि २००७ मध्ये बंद झाला. दोन वर्षं तिनं शिवणकामावर काढली. मग हैदराबादच्या एका खासगी कंपनीनं सीमेवरच्या गावांत इंटरनेट केंद्रं काढायला सुरुवात केली. शेताचे उतारे, रेल्वेचं तिकीट, पेन्शनचे फॉर्म, परीक्षांचे निकाल, आणि दर रविवारी पुण्या-मुंबईला गेलेल्या माणसांशी पडद्यावर तोंड बघून बोलणं, असं सगळं तिथं व्हायचं. शिवय्यांनी बूथची जागा कंपनीला दिली ती एका अटीवर. ते म्हणाले, खुर्चीत आमची रेणुका बसेल.

कंपनीच्या मॅनेजर साहेबांनी नाखुशीनंच मान्य केलं. पण दीड वर्षात असं झालं की आजूबाजूच्या केंद्रांवर काही अडलं की फोन कंपनीत जायच्या आधी रेणुकाबाईला यायचा. तिचे प्रश्न दोनच असायचे. दिवा लाल आहे का हिरवा, आणि लुकलुकतो का स्थिर आहे. एवढ्यावरून ती सांगायची की वायर काढून लाव, इंटरनेटचं डेटाकार्ड पुसून घाल, नाहीतर गप बस, टॉवरच गेलाय. शेवटी कंपनीनं तिला छत्तीस केंद्रांची देखभाल दिली. निर्णा, हुमनाबाद, चिटगुप्पा आणि पलीकडे गुलबर्गा जिल्ह्यात चिंचोळीपर्यंतची गावं तिच्याकडे आली. सगळे तिला रेणुकाक्का म्हणायला लागले.

२०१२ च्या संक्रांतीनंतर मात्र एक दुखणं सुरू झालं. केंद्रात इंटरनेट वाटून देणारा तो वीतभर लांब डबा, म्हणजे राउटर, अर्धा तास चालला की अडकायचा. दिवे सगळे हिरवे, पण आत काही हलायचं नाही. वायर उपटून परत लावली की पुन्हा अर्धा तास. फॉर्म भरता भरता जायचा, पेन्शनचं पान मध्येच थांबायचं. रविवारी एखादी म्हातारी नातवाचं तोंड बघत असायची आणि ते तोंड अर्धवट उघडं तसंच गोठून राहायचं. लोक चिडायचे, मग यायचेच बंद झाले.

कंपनीनं शोध घेतला तेव्हा कळलं की खोट राउटरच्या पोटातल्या प्रोग्रॅममध्ये आहे. त्याला फर्मवेअर म्हणतात. डबा बनवणाऱ्यांनी नवीन फर्मवेअर पाठवलं, पण ते प्रत्येक डब्यात जाऊन भरायचं होतं. त्यासाठी हैदराबादहून एक इंजिनिअर लॅपटॉप घेऊन आला. दोन दिवसांत चार गावं झाली. त्यातल्या दोन गावांत काम अर्ध्यावर असताना करंट गेला आणि राउटर कायमचे गप्प झाले. जुनं पुसलं गेलं होतं, नवं पूर्ण बसलं नव्हतं. इंजिनिअर दोन मेलेले डबे पिशवीत घालून परत गेला. आणि मागून मॅनेजर साहेबांचा निरोप आला की मे महिन्याच्या अखेरपर्यंत तक्रारी थांबल्या नाहीत तर या भागातली सगळी केंद्रं बंद होतील.

तेव्हा एप्रिल संपत आला होता. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दहावीचा निकाल लागणार होता. छत्तीस गावांतली पोरं त्या दिवशी केंद्राच्या दारात उभी राहणार हे रेणुकाबाईला दिसत होतं.

तिनं मन्नाएखेळ्ळीचा राउटर काढून टेबलावर ठेवला आणि चहूबाजूंनी बघितला. मागच्या बाजूला डेटाकार्ड घालायचं चपटं भोक होतं. पेन ड्राइव्हही त्याच मापाच्या भोकात जातो हे तिला कॉम्प्युटरवरून माहीत होतं. तिनं कंपनीतल्या शरणबसवला फोन लावला. हा बसवकल्याणकडचा इंजिनिअर, तिशीच्या आतला, हैदराबादच्या ऑफिसात बसून केंद्रांचं तांत्रिक बघायचा. तिच्याशी बोलताना त्याची कन्नड-मराठी एकमेकांत मिसळून जायची.

ती म्हणाली, "सर, डेटाकार्ड घातलं की राउटर त्याला आपलं आपण ओळखतो. मग पेन ड्राइव्ह घातला तर त्याच्यातलं नवं फर्मवेअर आपलं आपण कामून घेत न्हाई?"

शरणबसवनं तिचा प्रश्न कागदावर लिहून घेतला. मग म्हणाला, "अक्का, मला एक दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाजच वेगळा होता. डबा बनवणाऱ्यांच्या जाडजूड पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर त्याला ते सापडलं होतं. राउटर सुरू होताना पेन ड्राइव्हमध्ये ठरावीक नावाची फाईल दिसली, तर तो ती तपासून घेतो आणि आपली आपण बसवतो. कारखान्यातल्या कामगारांना हजारो डबे भरताना सोपं जावं म्हणून केलेली ती सोय होती. बाहेर ती कोणी वापरलेली नव्हती. केंद्रांमध्ये दोन जातींचे राउटर होते, काळे आणि पांढरे. दोघांच्याही फाइली एकाच पेन ड्राइव्हवर घातल्या तरी चालणार होतं, कारण प्रत्येक डबा आपलं नाव वाचून आपलीच फाईल उचलणार होता. आणि काम झालं की शेवटी तो पेन ड्राइव्हवर आपलं नाव आणि वेळ लिहून ठेवणार होता.

त्यानं ईमेलनं पाठवलेल्या फाइली रेणुकाबाईनं पेन ड्राइव्हवर उतरवल्या. भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे करंट दोन वाजेपर्यंत असणार होता. तिनं अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी पेन ड्राइव्ह घालून राउटर सुरू केला. दोन दिवे आळीपाळीनं लुकलुकायला लागले, एक विझला की दुसरा लागायचा. असं तिनं कधी बघितलं नव्हतं. चौथ्या मिनिटाला डोक्यावरचा पंखा मंद झाला आणि थांबला. अर्ध्या तासानं करंट आला तेव्हा राउटरवर एकच लाल दिवा होता आणि तो कशानंही हलला नाही.

आता मन्नाएखेळ्ळीचंच केंद्र बंद पडलं. मॅनेजर साहेबांना हे कळायला संध्याकाळही लागली नाही. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं की इंजिनिअरचं काम इंजिनिअर करतील, तुम्ही कोणत्याही राउटरला हात लावायचा नाही. रेणुकाबाई हो म्हणाली. हातून मशीन मरण्याची ही तिची पहिलीच वेळ होती. अप्पारावनं हैदराबादहून फोनवर विचारलं, आता काय करणार. ती म्हणाली, आधी शिवय्याअप्पांना सांगायला पाहिजे, जागा त्यांची आहे.

सकाळी ती त्यांच्या मळ्यात गेली. शिवय्या आता सत्तरीला आलेले, पण पाठीला फवारणीचा पंप अडकवून भेंडीच्या ओळींतून चाललेले. पंप नवा होता, हातानं दांडी मारायची गरज नव्हती, बॅटरीवर बारीक घरघर करत चालायचा. शिवय्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, पंप उतरवून बांधावर ठेवला आणि म्हणाले की जागेचं काही नाही, कुलूप लावून टाकू. पण रेणुकाबाईचं लक्ष पंपाच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर गेलं होतं. इंग्रजी मजकूर तिला लागत नव्हता, आकडा मात्र लागत होता. बारा, आणि पुढं व्होल्टची खूण. तिनं केंद्रात आल्यावर राउटरचा अडॅप्टर उलटा करून बघितला. त्याच्यावरही बारा होतं.

ती त्याच पावली मळ्यात परत गेली. "अप्पा, पंपाची बॅटरी दोन दिवस द्या."

"फवारणी कोण करील मग?"

"भेंडीला दोन दिवस कळ काढू द्या. छत्तीस गावांचं काम हाय."

शिवय्या हसले. बॅटरी त्यांनी स्वतःच काढून दिली.

एका जळक्या अडॅप्टरची वायर पिनेसकट कापून तिनं तिच्या टोकाला बॅटरीचे चिमटे डागले. उलटसुलट होऊ नये म्हणून दोनदा मीटर लावून बघितला आणि अधिकच्या बाजूला लाल दोरा घट्ट बांधला. मग शरणबसवला फोन करून सगळं सांगितलं, मॅनेजर साहेबांची ताकीदही सांगितली. शरणबसव म्हणाला की बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर काही हरकत नाही, राउटरला करंट कुठून आला याच्याशी देणंघेणं नसतं. मग म्हणाला, "करा अक्का. काय झालं तर माझं नाव सांगा."

"दोघांचं सांगू," रेणुकाबाई म्हणाली.

दुसरा प्रयोग तिनं निर्ण्याला केला. तिथलं केंद्र शांतम्मा चालवायची. चाळिशीची बाई, कन्नड चौथीपर्यंत शिकलेली, आणि राउटरची वायर दिवसातून दहा वेळा उपटून कंटाळलेली. रेणुकाबाईनं राउटर भिंतीच्या करंटवरून काढला, बॅटरीला जोडला, पेन ड्राइव्ह घातला. दिवे आळीपाळीनं लुकलुकायला लागले. दोघी समोर पाटावर बसल्या. तिसऱ्या मिनिटाला करंट गेला. पंखा थांबला, कॉम्प्युटर विझला, बाहेर गिरणी बंद पडली. दिवे तसेच लुकलुकत राहिले, एक विझला की दुसरा. शांतम्मानं रेणुकाबाईचा दंड घट्ट धरला होता आणि तो धरलाय हे दोघींच्याही लक्षात नव्हतं. सातव्या मिनिटाला सगळे दिवे एकदम गेले. मग एकेक करून हिरवे लागले आणि स्थिर झाले.

करंट तीन वाजता आला. शांतम्मानं केंद्र उघडलं आणि सात वाजेपर्यंत राउटर एकदाही अडकला नाही. रेणुकाबाई तोवर तिथंच बसून होती.

मन्नाएखेळ्ळीच्या मेलेल्या राउटरचं काय करायचं तेही शरणबसवनं पुस्तकातून काढलं. डब्याच्या पोटात एक इवलासा भाग असतो, तो पुसला जात नाही. मागचं बारीक बटण काडीनं दाबून धरून डबा सुरू केला तर तो जागा होतो आणि पेन ड्राइव्ह शोधतो. रेणुकाबाईनं अगरबत्तीची काडी घेतली. बटण दाबून मनात वीसपर्यंत मोजलं, लाल दिवा विझला आणि आळीपाळीचं लुकलुकणं सुरू झालं. मेलेला डबा उठला. शरणबसवनं ऑफिसात पिशवीत पडलेले दोन्ही राउटर तसेच उठवले आणि मॅनेजर साहेबांच्या टेबलावर नेऊन चालू करून ठेवले. साहेबांनी दोन्ही डब्यांकडे बघितलं आणि एवढंच विचारलं की बाकीच्यांना किती दिवस लागतील. शरणबसवनं फोन रेणुकाबाईला लावून दिला. ती म्हणाली, "आठ दिवस द्या साहेब. इंजिनिअर पाठवायला नको."

मन्नाएखेळ्ळीच्या आठवडी बाजाराला तिनं सगळ्या केंद्रवाल्यांना बोलावलं. इंजिनिअरच्या हातून झालेली दोन गावं सोडून बाकीचे तेहतीस जण आले. बाजार आटपून, पिशव्या सांभाळत ते केंद्रात दाटीवाटीनं बसले. तिनं पाटीवर अक्षर एकही लिहिलं नाही. नुसते दिवे काढून दाखवले. आळीपाळीनं लुकलुकले तर हात लावायचा नाही, चहा प्या. सगळे हिरवे आणि स्थिर झाले की झालं. एकटा लाल राहिला तर मला फोन करा, घाबरू नका, त्याला उठवता येतं. फवारणी पंपाची भरलेली बॅटरी गावात कोणाकडेही मिळते. नंतर प्रत्येकाकडून तिनं स्वतःच्या हातानं एकदा करून घेतलं. शांतम्मा तिच्या बाजूला उभी होती आणि कन्नडमधून चुका काढत होती.

तिनं आठ पेन ड्राइव्ह भरले, आठ वायरी डागल्या आणि आठ निळ्या कापडी पिशव्या शिवल्या. आठ रस्ते ठरवले. एका गावचं काम झालं की पिशवी पुढच्या गावी जायची, ती पण बसमधून. हुमनाबाद डेपोचा कंडक्टर वीरण्णा बूथच्या दिवसांपासूनचा तिचा ओळखीचा. त्यानं आपल्या सोबतच्या कंडक्टरांना सांगून ठेवलं की रेणुकाक्काची निळी पिशवी आली की पुढच्या स्टॉपवर द्यायची. चार दिवस त्या पिशव्या सीटखाली, ड्रायव्हरच्या मागं, तिकिटाच्या पेटीवर बसून हिंडल्या. रेणुकाबाईचा फोन सकाळपासून वाजत राहायचा. चिंचोळीकडून कोणीतरी सांगायचं, हिरवा स्थिर. हुमनाबादकडून सांगायचं, लुकलुकायलंय, चहा ठेवलाय. एका गावात लाल राहिला. तिनं फोनवरच काडीनं बटण दाबायला लावलं, वीसपर्यंत दोघांनी मिळून मोठ्यानं मोजलं आणि तो उठला.

पाचव्या दिवशी आठही पिशव्या परत आल्या. तिनं एकेक पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावून डब्यांनी लिहून ठेवलेली नावं आपल्या यादीशी ताडून बघितली. इंजिनिअरनं भरलेली दोन आणि शरणबसवनं उठवून परत पाठवलेली दोन धरून छत्तीसपैकी पस्तीस भरली. एक नाव नव्हतं. ते केंद्र चिटगुप्प्याच्या पुढच्या एका खेड्यात होतं आणि निवृत्त मास्तर अंकुशराव ते चालवायचे. त्यांनी तर झालं म्हणून सगळ्यांच्या आधी कळवलं होतं.

रेणुकाबाई सकाळच्या बसनं तिथं गेली. मास्तर तिला बघून खुर्चीतून उठले आणि तिनं काही विचारायच्या आधीच म्हणाले, "मला धीर झाला न्हाई, रेणुकाबाई. माझ्या हातून मेला असता तर गावाला तोंड दाखवलं नसतं."

"माझ्या हातून मेला होता, मास्तर," ती म्हणाली. "आता बघा कसा चाललाय. या, तुमीच लावा."

मास्तरांनीच बॅटरी जोडली, मास्तरांनीच पेन ड्राइव्ह घातला. लाल दोरा बरोबर बाजूला गेला. सात मिनिटं ते डोळे मिटून बसले. दिवे स्थिर झाले तेव्हा रेणुकाबाईनं त्यांना डोळे उघडायला सांगितलं.

निकालाच्या दिवशी सकाळी नऊपासून छत्तीस केंद्रांपुढं पोरंपोरी, आईबाप आणि उगीच बघायला आलेली माणसं उभी होती. रेणुकाबाई मन्नाएखेळ्ळीला बसली होती. निकालाचं पान उघडायला वेळ लागत होता, कारण सगळं राज्यच ते उघडत होतं, पण राउटर अडकला नाही. एकामागून एक नंबर टाकले जात होते. पास झालेली पोरं ओरडत बाहेर पळायची, नापास झालेल्यांना ती पाणी देऊन बाजूला बसवायची आणि पुरवणी परीक्षेची तारीख सांगायची. दर तासाला तिनं बाकीच्या पस्तीसही केंद्रांना फोन केला. बाराच्या सुमारास करंट गेला तेव्हा निम्म्या केंद्रवाल्यांनी तिला न विचारताच राउटरला पंपाची बॅटरी लावली, जिथं लॅपटॉप होता तिथं तो सुरू केला आणि निकाल बघणं चालूच ठेवलं. अंकुशराव मास्तरांनी तर फोनच उचलला नाही. दुपारी उशिरा त्यांचा उलटा फोन आला की गर्दीत उसंत मिळाली नाही, माफ करा, माझी बारा पोरं पास आहेत.

केंद्रं बंद झाली नाहीत. जूनमध्ये कंपनीनं गुलबर्ग्याला एका हॉलमध्ये चार जिल्ह्यांचे इंजिनिअर बोलावले आणि हे काम शिकवायला रेणुकाबाईला बोलावलं. ती शिवय्यांना बरोबर घेऊन गेली. बावीस जण होते, सगळे डिग्रीवाले, प्रत्येकापुढं एक राउटर आणि एक पेन ड्राइव्ह. मॅनेजर साहेबांनी इंग्रजीत तिची ओळख करून दिली. तिला त्यातलं आपलं नाव आणि छत्तीस हा आकडा तेवढा कळला.

तिनं पदर खोचला आणि पाटीवर दोन दिवे काढले. एका इंजिनिअरनं विचारलं की मॅडम, कोणत्या भाषेत सांगणार. ती म्हणाली, तीन भाषांत सांगते, ज्याला जी लागेल ती घ्या. मग तिनं आधी मराठीत, मग कन्नडमध्ये आणि मग हैदराबादीत सांगितलं की पेन ड्राइव्ह घाला, डबा सुरू करा आणि हात मागं बांधून बसा.

बावीस जणांनी हात मागं बांधले. हॉलभर चव्वेचाळीस दिवे आळीपाळीनं लुकलुकायला लागले. पहिल्या रांगेत शिवय्या पांढरा पटका बांधून ताठ बसले होते. शेजारच्या इंजिनिअरला ते कन्नडमध्ये हळूच सांगत होते की घाबरू नको, सात मिनिटं लागतात, बॅटरी माझीच होती.